गावजेवणाची भांडी

राजा रणधवलाला लढायांचा भारी नाद. नवी तोफ ओतण्यासाठी त्याने कुंभेरीची गावजेवणाची तांब्या-पितळेची सगळी भांडी गाड्यांत भरायला लावली. दुसऱ्याच दिवशी गावात लग्न होतं. नवरीची आई गोदूबाई तांदळाचं सूप धरून भरलेल्या गाड्यांकडे बघत होती.

"तोंड पाडू नका," राजा म्हणाला. "लढाई जिंकली की गावाचंच नाव होईल. आता जेवायला वाढा."

"वाढते की, महाराज!"

गोदूबाईने सुपातले तांदूळ थेट गाड्यांशेजारी उभ्या असलेल्या फौजेच्या जुन्या तोफेच्या तोंडात ओतले.

"अहो बाई, हे काय?"

"भात टाकलाय. यापुढे तोफेतच शिजवायचं ना? आपण तेवढी बत्ती द्या."

शिपाई मिशीत हसू लागले. राजाही हसला.

"उतरवा रे भांडी! आणि बाई, आधी हंडा चुलीवर चढवा. पोटात कावळे ओरडताहेत."