हेमलेखेचा दिवा
एका राज्यात कायदे दिव्यांनी होत असत. तिन्हीसांजेला राजवाड्याच्या पुष्करणीकाठी सभा बसे. ज्याला प्रस्ताव पटे, तो सभासद आपला दिवा पाण्यावर सोडी. निम्म्याहून एक दिवा अधिक झाला, की कायदा झाला.

अशाच एका जास्तीच्या दिव्याने राजा मेघवर्णाने देवराई तोडवली आणि तिथे आरसेमहाल बांधला. तो पाहायला कोण आले, देव जाणे! त्या राईत एक साळुंकी राहत असे. ती जादूगारीण होती. घरटे मोडले तशी ती म्हणाली, "आता चारांतले तीन दिवे तरंगल्याखेरीज इथे काही होणार नाही." तेव्हापासून दिवे कमी पडले, की सगळेच आपोआप विझत.

पुढे खालच्या पेठेतल्या विहिरी आटल्या. वरच्या पेठेतून पाट आणायचा प्रस्ताव तीनदा आला नि तीनदा विझला. वरच्या पेठेचे सभासद मूठभर, पण ते आणि त्यांची भीड धरणारे आणखी काही जण दिवे मांडीवर घेऊन ढिम्म बसत. खाली राजकन्या हेमलेखेची दाई तहानेने अंथरुणाला खिळली होती. हेमलेखा स्वतः सभासद, पण तिचा एक दिवा काय करणार? ती साळुंकीला शोधत आरसेमहालामागच्या उरल्यासुरल्या रानात गेली.

"साळुंकीबाई, शाप उतरवा."

"तीन कामे कर. हे फुटलेले अंडे सांध. तोडलेला वड उभा कर. आणि मला पाणी पाज."

हेमलेखेने टरफले जुळवून पाहिली, ती हातातच चुरली. वडाच्या बुंध्याला मिठी मारून ती रडली. मग झऱ्यावरून ओंजळ भरून आणली. साळुंकी प्यायली.

"दोन कामे राहिली," हेमलेखा म्हणाली. "ती कोणालाच जमणार नाहीत."

"मग?"

हेमलेखेने हाताला चिकटलेली टरफले झटकली. "जे मोडल्यावर पुन्हा जोडता येत नाही, त्याला चारांतले तीन असू द्या. पाट काय, उद्या बुजवता येतो. त्याला निम्म्याहून एक पुरे."

"हे तुझ्या बापाला सुचायला हवे होते," साळुंकी म्हणाली, आणि शाप उतरला. राहिला तो हेमलेखेने सांगितलेला नियम.

चौथ्यांदा प्रस्ताव आला, तो निम्म्याहून एका दिव्याने तरला, आणि पाट वाहू लागला. दाई उठून बसली, पोटभर पाणी प्यायली. हेमलेखेचा जीव भांड्यात पडला.

पण लोकांचा राग गेला नव्हता. पुढच्याच सभेत प्रस्ताव आला: वरच्या पेठेची घरे पाडा, माणसांना सीमेपार हाकला. दिव्यामागून दिवा सुटला; वरच्या पेठेची भीड धरणाऱ्यांनीही आता दिवे सोडले. चारांतले तीन भरायला एकच कमी होता. सगळे हेमलेखेकडे पाहू लागले. त्या माणसांचा तिलाही मनस्वी राग होता. दिवा तिने मांडीवर घेतला, तो घेतलाच. पाण्यावरचे दिवे हळूहळू विझले.

सकाळी वरच्या पेठेत, एका घराच्या वळचणीला साळुंकी काड्या रचत होती. जसे त्यांचे छप्पर राहिले, तसे तुमचेआमचे राहो.