उत्तरपूजा

धोंडभट पाध्ये म्हणजे गावातले गणपती बसवणारे, लग्नं लावणारे साधे भटजी. पण मिठाच्या सत्याग्रहात पुढारी तुरुंगात गेले आणि तालुक्याची चळवळ यांच्या गळ्यात पडली. दहा वर्षं झाली, ती काही उतरली नाही. आता चौथ्यांदा कोर्टात उभं राहताना गुडघे कुरकुरत होते, भाषणांनी घसा बसला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना कुठंतरी नुसतं टेकायचं होतं.

गोऱ्या मॅजिस्ट्रेटला आपल्या मराठीचा भारी अभिमान. तो म्हणाला, "भटजी, माफी लिहून द्या आणि घरी जा. नाहीतर दोन वर्षं सक्तमजुरी! सरकारला घालवणं हे काय पुरोहिताचं काम आहे?"

धोंडभट कठड्याला रेलले. "तेच तर माझं काम, साहेब. आम्ही देवालासुद्धा आवाहन करून बोलावतो, मोदक खाऊ घालतो आणि मुदत भरली की उत्तरपूजा करून पोचवतो. तुम्हाला तर कुणी आवाहनही केलं नव्हतं."

कोर्टात खसखस पिकली. साहेब लालबुंद झाला, पण त्याची मराठीची खुमखुमी काही जाईना.

"मला सगळं ठाऊक आहे! देवाला निरोप देताना तुम्ही 'पुनरागमनाय च' म्हणता. म्हणजे, पुन्हा या!"

"बाकी विधी यथासांग करीन, साहेब," धोंडभट थकल्या आवाजात म्हणाले, "तेवढे दोन शब्द मात्र गाळीन. आता शिक्षा सांगून टाका, म्हणजे मला बसता येईल."