हरबाने साखरपुडा बंद केला

एका गावात एक भोळा भाऊ राहत होता. नाव हरबा. सांगितलेलं काम तो अक्षरन् अक्षर करायचा. घोटाळा तिथेच व्हायचा.

त्याच्या बहिणीचा, शेवंताचा, साखरपुडा ठरला. मुलगा तिच्या मनात भरला होता. होणारे सासरे दत्तोबा मात्र कडक. त्यांना शौक एकच, सनई ऐकायचा. म्हणून आई म्हणाली, "हरबा, तू फक्त सनई लाव. बाकी कशाला हात लावू नकोस."

घरात वडिलांच्या वेळचा ॲम्प्लिफायर होता आणि कपाटाएवढे दोन स्पीकर. पण त्या ॲम्प्लिफायरला आवाज कमी-जास्त करायचं बटणच नव्हतं. मग पुण्याच्या चुलतभावाने, विश्रामने, एक नवा डबा पाठवला. डबा इंटरनेटवरून गाणी ओढायचा आणि आवाजाचं बटणही त्याच्यावरच होतं.

विश्राम फोनवर म्हणाला, "दादा, डबा ॲम्प्लिफायरच्या पुढे लाव."

"कळलं," हरबा म्हणाला.

त्याने डबा ॲम्प्लिफायरच्या पुढे मांडला. दोघं दिवसभर एकमेकांकडे बघत बसले. गाणं काही वाजेना. संध्याकाळी विश्रामचा पुन्हा फोन आला.

"अरे दादा, वायरीने जोड की! आणि चालू करताना आवाज अगदी कमी ठेव."

"कळलं."

वायर त्याने नीट जोडली. मग डब्याच्या कानाशी जाऊन अगदी हळू कुजबुजला, "चालू करतो हं." आणि बटण दाबलं. सनई अशी कडाडली की गोठ्यातली म्हैस दावं तोडून थेट नदीवर गेली.

"तुझा आवाज नव्हे रे," विश्राम ओरडला, "डब्याचा! डब्याचा आवाज कमी करायचा!"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी आई लाडू वळायला बसली. बेसनाचा डबा खडखडला. हरबा धावत आला आणि डबा गोधडीत गुंडाळून त्यावर बसला.

"अरे मेल्या, बेसन दे!"

"हळू बोल आई. डब्याचा आवाज कमी करतोय."

आईने कपाळाला हात लावला. ते बेसन मिळेपर्यंत तूप करपलं.

गाण्याचा डबा आता छान वाजायला लागला होता. पण बंद करताना स्पीकर धाडकन दणकायचे. विश्राम म्हणाला, "चालू करताना आधी डबा, मग ॲम्प्लिफायर. बंद करताना उलटं करायचं."

"कळलं."

बंद करताना हरबाने ॲम्प्लिफायर उलटा केला. त्याचे पाय वर आले. डबाही उलटा केला आणि तसं विश्रामला फोनवर सांगितलं.

"वस्तू उलटी नाही रे, क्रम उलटा! जे शेवटी केलं ते आधी काढायचं. नाहीतर धाडकन होतं."

"आता पक्कं कळलं," हरबा म्हणाला.

साखरपुड्याला पाहुणे आले. त्यांना चहा दिला. शेवंताला कुंकू लावलं, ओटी भरली, आणि शेवटी मुलाने तिच्या बोटात अंगठी घातली. सनई मधासारखी झिरपत होती. दत्तोबा डोळे मिटून डोलत होते. शेवंताचा जीव भांड्यात पडला.

"वा!" दत्तोबा म्हणाले. "आटोपलं. आता बंद करा सगळं."

हरबाने आधी ॲम्प्लिफायर बंद केला, मग डबा. धाडकन झालं नाही. पण दत्तोबा तर 'सगळं' म्हणाले होते. हरबा शेवंताजवळ गेला आणि तिच्या बोटातली अंगठी काढून घेतली.

"दादा! अरे काय करतोस?"

"गप बस. क्रमाने घेतोय."

त्याने ओटीतला नारळ काढला, तांदूळ काढले. मग धोतराच्या सोग्याने तिचं कुंकू पुसायला लागला. शेवंता रडायला लागली. पाहुण्यांच्या बायका उठून उभ्या राहिल्या. आईला तर तोंड कुठे लपवावं कळेना.

"हे काय चाललंय?" दत्तोबा गरजले.

"बंद करतोय, मामा. तुम्हीच म्हणालात ना? शेवटचं आधी काढायचं, नाहीतर धाडकन होतं."

दत्तोबांनी हरबाकडे पाहिलं, बंद केलेल्या डब्याकडे पाहिलं. मिशी थरथरली. मग त्यांना असं हसू फुटलं की पागोटं घसरून मांडीवर आलं.

"पोरी, रडू नकोस. घाल ती अंगठी," ते म्हणाले. "लग्न पक्कं. पण लग्नात वाजंत्री आम्ही आणू."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हरबा मात्र रिकामी कपबशी घेऊन दत्तोबांसमोर उभाच होता.

"ते ठीक आहे मामा," तो म्हणाला, "पण चहा तेवढा परत द्या."