रेवतेला काय हवे होते

फार पूर्वी अरिष्टपुरात सुदंत राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व सोमदत्त नावाने एका साध्या घरात जन्मला होता. ज्यांना कोणी दारात उभे करत नाही अशा लंगड्या-आंधळ्यांना आणि तुरुंगातून सुटलेल्यांना तो काम मिळवून देई. त्या नगरात एक रीत होती. ज्याने माणूस आणला, त्याने पहिला दिवस त्याच्या शेजारी तेच काम करायचे.

रेवता आंधळी होती. येत्या पौर्णिमेनंतर बिनकामाच्या माणसाने नगरात राहू नये, अशी राजाज्ञा निघाली होती. तिचा बाप अंथरुणाला खिळलेला. ती गेली असती तर त्याला जेवू घालणारे कोणी उरले नसते.

सोमदत्ताने तिला एका धनाढ्य श्रेष्ठीकडे दळणाला लावले. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून जाते ओढले. रेवता हसली, गायलीही. थोड्याच दिवसांत ती काम सोडून परत आली. मग त्याने तिला रंगाऱ्याकडे रंगासाठी झाडांच्या साली कुटायला लावले. पहिला दिवस मजेत गेला आणि पुढे पुन्हा तेच. मालक चांगले होते, जेवण पोटभर होते. सोमदत्त पुरता गोंधळला. बोधिसत्त्व झाला म्हणून त्याला सगळेच समजत होते असे नाही.

श्रेष्ठी म्हणाला, "तिचा नाद सोड. धडधाकट माणसं आण, माणसामागे मापभर तांदूळ देतो."

सोमदत्ताने नको म्हटले खरे, पण का म्हटले ते त्यालाच धड सांगता येईना.

पौर्णिमा तोंडावर आली. तो हताश होऊन रेवतेच्या दारात बसला.

"ताई, माझी मती चालेनाशी झालीय. तुला हवंय तरी काय?"

ती म्हणाली, "दादा, हे कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या दिवशी तुम्ही शेजारी असता, बरं वाटतं. दुसऱ्या दिवसापासून मी आणि जातं. हाकेला ओ द्यायला कुणी नाही. मला एकटीला भीती वाटते. दोन माणसांचं काम असेल तर कितीही करीन."

सोमदत्ताला स्वतःची लाज वाटली. त्याने उभे नगर पालथे घातले होते, आणि जिच्यासाठी घातले तिलाच विचारले नव्हते.

तो तिला पिंगल दोरवाल्याकडे घेऊन गेला. तिथे एक जण दोराला पीळ देणारा आकडा फिरवी आणि दुसरा कमरेला वाख, म्हणजे तागाचे तंतू, बांधून, दोराचा पेड सोडत उलट्या पावलांनी मागे मागे चाले.

"आंधळी बाई मागे चालणार? पडेल की," पिंगल म्हणाला.

"उद्या मीही चालतो तिच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी सोमदत्त सारखा वळून मागे पाहू लागला. पेड ढिला पडला, पायात अडकला आणि तो पाठीवर आपटला. रेवता मात्र आकडा फिरवणाऱ्या पिंगलच्या बायकोशी गप्पा मारत सरळ चालत राहिली.

पिंगल म्हणाला, "बाईला ठेवतो. तुम्ही मात्र उद्या येऊ नका."

एवढे सांगून शास्त्याने, म्हणजे भिक्षूंना ही गोष्ट सांगणाऱ्या गुरूने, त्या जन्मीच्या माणसांची आताच्या माणसांशी नाती जुळवून दिली. त्या जन्मीचा पिंगल म्हणजे विहाराचे दार राखणारा उपासक, रेवता म्हणजे समोर बसलेली भिक्षुणी चंदा, आणि तो आपटलेला सोमदत्त म्हणजे शास्ता स्वतः. तो म्हणाला, "भिक्षूंनो, करुणा माझ्यापाशी तेव्हाही होती. रेवतेला विचारायचं सुचलं, त्या दिवशी त्या करुणेची प्रज्ञा झाली."