काळी कणी

त्या राज्यात सगळं चाकांसाठी होतं. टेकडीवरचा काळा रस्ता चाकांचा, रस्त्याकडेची सावली चाकांची, आणि चाकं थांबू नयेत हा तर कायदाच. टेकडीच्या पायथ्याशी एक तळं होतं. रस्त्यावरून वाहून येणारं पाणी तळ्याआधी एका चरात उतरे. त्या चरात शिंपल्या राहत. पाणी गाळून तळ्यात सोडायचं, हे त्यांचं पिढीजात काम.

भागाबाई त्यांच्यातली सगळ्यात तरबेज शिंपली. चिखल येवो, कुजका पाला येवो, ती नको ते बाजूला काढी आणि निवळशंख पाणी पुढे सोडी. तळ्यातल्या मासोळ्या तिचं नाव घेतल्याशिवाय घोट घेत नसत, आणि तिला त्याचा जरा ताठाही होता.

शिंपली ज्या कल्ल्यांनी पाणी गाळते, त्याच कल्ल्यांत तिची पिल्लं वाढतात. म्हणून कुणाला दिवस गेले की शेजारणी तिची पाळी उचलत आणि ती मिटून स्वस्थ बसे. अशी रीतच होती.

त्या वर्षी पाण्यातून काळी कणी येऊ लागली. ती कुजेना, विरघळेना, कल्ल्यांत अडकली की निघेना. शेजारणी एकेक करून गळाठल्या. आणि नेमके तेव्हाच भागाबाईला दिवस गेले.

"तू आपली मीट बघू," धोंडूकाका खेकडा म्हणाला.

"मी मिटले तर हे सगळं थेट तळ्यात जाईल, काका. आणि पिल्लं तरी शेवटी जायची कुठे? त्याच तळ्यात ना?"

धोंडूकाका तिरका तिरका टेकडी चढून काळ्या कणीची तक्रार घेऊन चाकांच्या दरबारात गेला.

थोरलं चाक मोठं अदबशीर. "आमच्यातलं कुणी काही टाकत नाही हो," ते म्हणालं. "हवं तर अंगझडती घ्या." ते खोटं बोलत नव्हतं. आपण झिजतो, हे चाकांना ठाऊकच नव्हतं. गुळगुळीत झालेलं रबरी चाक एके सकाळी दिसेनासं होई आणि त्याच्या जागी नवं, खरबरीत चाक धावू लागे. पहिल्याचं अंग गेलं कुठे, हे कुणी विचारत नसे.

तरी थोरल्या चाकाला कणव आली. त्याने गाड्या जुंपल्या. चार दिवस चाकं धावत होती, वाळू आणत होती, खडी आणत होती, दूरदेशीच्या दोनशे शिंपल्या आणत होती. पाहुण्यांच्या मानासाठी रस्ता स्वच्छ धुतला गेला. ते धुणं चरात उतरलं ते काजळासारखं. वाळू तुंबली. नव्या शिंपल्यांनी एकच घोट घेतला आणि दारं लावून घेतली.

भागाबाई एकटी उघडी राहिली. तिला भीती वाटत होती, फार भीती वाटत होती. पण हात जोडायचे कुणापुढे? ती गाळत राहिली. खाली तळ्यात पाणी निवळ उतरत होतं आणि मासोळ्या तिचे गोडवे गात होत्या.

दिवस भरले. भागाबाईने पिल्लं पाण्यात सोडली. काचेसारखी आरपार दिसणारी, मोहरीहूनही लहान. मासोळ्या कौतुकाने भोवती जमल्या आणि एकेक करत मागे सरल्या. प्रत्येक पिल्लाच्या पोटात मधोमध एक काळा ठिपका होता, आणि त्यांतल्या एकानेही अजून पाण्याचा पहिला घोट घेतला नव्हता.