रिकामा ठोका

फार पूर्वी कोरंबगडावर फौज लढाईहून परतताना नगाऱ्यावर ‘परतबोल’ वाजे. त्यात प्रत्येक शिपायाचा आपला एक ठोका असे. जो लढाईत पडला, त्याच्या ठोक्याची जागा रिकामी ठेवायची, अशी तिथली रीत होती. दरवाजाशी उभी माणसं ऐकूनच काय ते समजत.

नव्याने मढवलेल्या नगाऱ्याला ही रीत पटेना. जुनी झांज म्हणाली, "बाबा, तिथं थांबायचं असतं."

"मधेच थांबलो तर लोक म्हणतील, याला वाजता येत नाही," नगारा म्हणाला. त्या दिवशी एकच जागा रिकामी होती. तीही त्याने दणक्यात भरून टाकली.

अख्खा बोल ऐकून दरवाजाशी उभी गोदाक्का हरखली. तिने घाईने चूल पेटवली, फौजेतल्या लेकासाठी ताट वाढलं. भाकरी गार झाली, तरी दारात कोणी आलं नाही.

संध्याकाळी ती नगाऱ्यापाशी आली. त्याच्यावर हात ठेवून तिने हळूच विचारलं, "माझ्या लेकाच्या जागी कोण वाजलं रे?"



पुढच्या लढाईनंतर परतबोल घुमू लागला आणि मधेच एका जागी नगारा थांबला. तेवढं गप्प राहायला त्याला सगळी ताकद लागली.