झडपांचे विमान आणि तीन राखेचे ढीग

फार जुनी, राजेरजवाड्यांच्या काळातली गोष्ट. सूर्य उगवून दोन घटका झाल्या होत्या. जागा राजाच्या कुरणाची. लाकडाचे आणि कापडाचे एक विमान उतरता उतरता डाव्या अंगाला कलंडले आणि गवताच्या गंजीत शिरले.

विमान बांधणारी आणि उडवणारी एकच होती, गावची सुतारीण. ती गंजीतून बाहेर आली आणि केसांतले गवत झटकत मोडका पंख बघू लागली.

तिला कड्यावरच्या गावात उतरायचे होते. तिथे तापाची साथ होती. दरीवरचा पूल तुटला होता आणि तिची धाकटी बहीण पलीकडे आजारी पडली होती. कड्यावर सपाट जागा एकच, ऐंशी पावलांची. पुढे दरी. राजाच्या विमानांना थांबायला तीनशे पावले लागत.

युक्ती तिला तळ्यावरच्या बगळ्याने सांगितली होती. "मी उतरताना पंखाची मागची पिसं खाली वाकवतो बाई. वेग मरतो, पण पंख मला सोडत नाही." म्हणून तिने पंखांच्या मागच्या कडेला बिजागऱ्यांवर झडपा बसवल्या होत्या. तरी कुरणावरच्या पहिल्याच चाचणीत विमान पडले.

इतक्यात राजाचा मुख्य कारागीर पलितेवाले शिपाई घेऊन आला.

"बाजूला हो. पडलेलं विमान अपशकुनी. दुपारच्या आत जाळायचं, ही रीत आहे."

"रीत कोणाची?"

"वाडवडिलांची!"

"वाडवडील विमानातून फिरत होते वाटतं?"

शिपाई हसले. कारागिराला हसू आले नाही. याआधी तीन सुतारांनी अशाच झडपा लावल्या होत्या. तिन्ही विमाने पडली आणि तिन्ही पडल्या दिवशीच जाळली गेली. वाचलेले दोघे एवढेच सांगत, "एका अंगाला कलंडलं हो." का कलंडले, हे बघायला राखेशिवाय काहीच उरले नव्हते. मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, हे ऐकून राग येत नसेल तर पुन्हा ऐका.

सुतारीण मोडक्या पंखावर जाऊन बसली. "पेटवा. मी उठत नाही."

तिच्याबरोबर कड्यावर जाणारे म्हातारे वैद्यबुवा औषधांची झोळी घेऊन शेजारी टेकले. "माझीही हाडं धरा रे. जुनी आहेत, लवकर पेटतील."

शिपायांनी पलिते खाली टाकून पायाने विझवले.

मग सुतारणीने एकेक तुकडा तपासला. उजवी झडप खाली आली होती, डावी जागची हलली नव्हती. दोन झडपांना दोन दोऱ्या होत्या. डावी दोरी दवाने फुगून भोकात अडकली होती.

"चूक माझीच," ती म्हणाली. "बगळा काय एक पंख वाकवून दुसरा विसरतो?"

तिने मोडका पंख सांधला आणि दोऱ्या काढल्या. दोन्ही झडपा एकाच बांबूच्या दांड्याला जोडल्या. आता खाली येतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. कुरणावर ती पाच वेळा उतरली. पाचही वेळा विमान सरळ राहिले.

चौथ्या दिवशी ती वैद्यबुवांना घेऊन निघाली.

"पडलो तर काय गं?"

"पडलो तर विमान कुणाला जाळू देऊ नका."

कडा आला. तिने दांडा ओढला. विमान हवेत जणू बसले, टेकले आणि बासष्टाव्या पावलावर थांबले.

बहिणीने अंथरुणातून डोळे उघडले. "ताई, किती उशीर!"

पाच दिवसांत तिचा ताप उतरला. पंधरवड्यात गाव उठून बसले. राजाने रीत मोडली. तेव्हापासून मोडकी विमाने एका पडवीत ठेवली जातात आणि नव्या कारागिराला पहिला धडा तिथेच मिळतो.

तात्पर्य: चूक जाळली तर ती परत येते, जपून ठेवली तर ती शिकवते.

तिसऱ्या विमानाचा सुतार मात्र घरी परतला नव्हता. तो कशाने मेला हे सांगू शकणारे त्याचे विमान पेटवा असे कोणी सांगितले, हे राजाने भर दरबारात विचारले. कारागिराने राजपुरोहिताकडे बोट दाखवले, पुरोहिताने कारागिराकडे. उत्तर अजून आलेले नाही.